बेसाल्टच्या पोकळीतला निळसर-हिरवा लेप: हा ब्लूशिस्ट का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. जळगावजवळच्या खाणीतल्या काळ्या दगडात बोराएवढ्या पोकळ्या आहेत, त्यांना आतून निळसर-हिरवा लेप. बेसाल्ट सबडक्शनमध्ये (एक प्लेट दुसरीखाली सरकताना) खोल गेला की ब्लूशिस्ट, म्हणजे निळसर रूपांतरित खडक होतो, असं शिकवलंय. मग हा तोच का? प्रॅक्टिकलला एक्लोजाइटही (आणखी जास्त दाबात होणारा जड खडक) असतो, तो कसा ओळखायचा?

तापीखोरे
नाही, भाऊ. तो बहुधा सेलॅडोनाइट, मऊ हिरवं खनिज. नखाने खरवडा, मातीसारखा निघेल. ब्लूशिस्टला निळा करणाऱ्या ग्लॉकोफेन खनिजाची कठिणता मोह्ज मापनात 6 च्या आसपास. नख सोडाच, चाकूही धड चालत नाही. शिवाय ब्लूशिस्टचा निळेपणा पोकळीपुरता नसतो, बारीक लांबट स्फटिक एका दिशेला निजलेले आणि अख्ख्या दगडात भिनलेले असतात.

आपला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ओतला गेला आणि तिथंच थिजला. ब्लूशिस्टला साधारण 20 ते 50 किमी खोलीचा दाब लागतो, तापमान मात्र 200 ते 500 अंशच. एरवी कवचात दर किलोमीटरला 25-30 अंश वाढतात, म्हणजे त्या खोलीवर दगड फारच तापतो. समुद्रतळाची थंड प्लेट भराभर खाली सरकते तिथंच हे गणित जुळतं. वर येताना दगड रेंगाळला तर उष्णता त्याला गाठते आणि निळ्याचा हिरवा होतो.

काळापत्थर_धुळे
मायक्रोस्कोपखाली बघायचं तर दगडाचा पातळ छेद 0.03 मिमीचाच हवा. दोन्ही पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या काचा) लावून गारगोटी (क्वार्ट्झ) राखी-पांढरी न दिसता पिवळी दिसली तर छेद जाड राहिलाय, त्यावर रंगाचा निर्णय देऊ नका. वरचा पोलरायझर काढून स्टेज (छेद ठेवायची फिरती तबकडी) फिरवा: ग्लॉकोफेन फिकट पिवळसर, मग जांभळट, मग निळा. आडव्या छेदात क्लीव्हेज (स्फटिक फुटण्याच्या सरळ रेषा) 56 आणि 124 अंशांवर. रिबेकाइट या दुसऱ्या निळ्या खनिजाशी गल्लत होते, म्हणून मायक्रोस्कोपात जिप्सम प्लेट घाला; ग्लॉकोफेनची लांबी स्लो (त्या दिशेत कंप पावणारा प्रकाश हळू जातो), रिबेकाइटची फास्ट.

एक्लोजाइटमध्ये लाल गार्नेट आणि हिरवा ओम्फासाइट (पायरॉक्सीन गटातलं खनिज), त्याचं क्लीव्हेज जवळपास काटकोनात. मूळ प्लॅजिओक्लेज (बेसाल्टात असणारं फेल्डस्पार खनिज) अजिबात नाही. इथंच मुलं चुकतात. ओम्फासाइटच्या कडेला गांडुळासारखी बारीक वळणं आणि त्यात अल्बाइट (प्लॅजिओक्लेजचाच प्रकार) दिसलं की ‘प्लॅजिओक्लेज आहे’ म्हणून नमुना बाद करतात. ते दाब उतरल्यावर, वर येताना तयार झालेलं असतं.

हातातल्या नमुन्याला ताणकाटा पुरतो. दोऱ्याने टांगून हवेत तोला, मग पाण्यात बुडवून. 350 ग्रॅमचा दगड पाण्यात 250 भरला तर घनता 3.5, म्हणजे एक्लोजाइटसारखी. ठोस बेसाल्ट 2.9 च्या आसपास. दगड बादलीच्या तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे बोटाने पुसा.

सातपुडा_ताई
खरे नमुने बघायचे तर लडाख. शेरगोलला ब्लूशिस्ट, त्सो मोरारीला एक्लोजाइट. त्सो मोरारीच्या गार्नेटमध्ये कोएसाइट (गारगोटीचंच अतिदाबातलं रूप) सापडलाय, आणि त्याला जवळपास 90 किमी खोलीचा दाब लागतो.

गिरणाकाठ
नखाने हिरवी भुकटी निघाली. काट्यावर 2.5 आलं, ते पोकळ्यांमुळे?

काळापत्थर_धुळे
हो. बंद पोकळ्यांत पाणी शिरत नाही, आणि आत झिओलाइट (पोकळ्यांत वाढणारं फिकट खनिज) भरला असेल तर तो मुळातच हलका. त्याच खाणीतला लाव्हाथराच्या मधला ठोस तुकडा घ्या, निदान 300 ग्रॅमचा.