तुकडेबंदी माफ झाली म्हणे, मग आमच्या दीड गुंठ्याचं काय?

दीडगुंठावाला:
मंडळी, जरा डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय. वडिलांनी २०१४ ला चाकणच्या बाजूला दीड गुंठा जागा घेतली, नोटरी केलेलं साठेखत (पुढे विकायचा करार) आणि सोबत कुलमुखत्यारपत्र. तेव्हा सगळेच असं घेत होते, शेजारी दहा-बारा जणांनी घेतलंय. पुढे तिथे दोन खोल्या आणि वर पत्रा एवढं बांधकाम केलं, लाइट मीटर आहे, ग्रामपंचायतीची घरपट्टी पण भरतोय, पण सातबाऱ्यावर आमचं नाव म्हणून कुठेच नाही. नोव्हेंबर २०२५ ला तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे करायला मनाई करणाऱ्या कायद्याबाबतचा, अध्यादेश आला, दंड माफ, एक गुंठ्याचे पण व्यवहार नियमित होणार असं ऐकलं आणि आई तर पेढेच आणायला निघाली होती. पण मी सरकारी ऑफिसात गेलो तर तिथल्या बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, तुमचं यात बसत नाही, आधी रजिस्टर करून आणा. म्हणजे नक्की माफ काय झालंय? कोणाला झालंय? टीव्हीवर तर ५० लाख कुटुंबं म्हणत होते, त्यात आम्ही नाही का?

निवृत्त_कारकून:
तुमच्या बाई बरोबरच बोलल्यात, फक्त अर्धंच सांगितलं. यात तीन प्रकारची माणसं आहेत, आणि बातम्यांत ती एकाच टोपलीत टाकली गेली त्यामुळे हा घोळ.
ज्यांचं खरेदीखत रजिस्टर झालं, फेरफार (सातबाऱ्यावर नावबदलाची नोंद) पण झाला, पण नाव मालकाच्या रकान्याऐवजी इतर हक्कात गेलं किंवा सातबाऱ्यावर 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार' असा शेरा बसला, त्यांचं काम सोपं. शेरा निघतो, नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात येतं. दुसरे, ज्यांचं खरेदीखत रजिस्टर होतं पण फेरफार नामंजूर झाला होता, त्यांचं परत तपासून नाव लागतं. तिसरे म्हणजे तुम्ही. नोटरी, स्टँप पेपर, साठेखत, ताबा पावती वाले. तुमचा व्यवहार कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नाही हो, शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणी केल्याशिवाय विकली जात नाही आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्याबाबतीत यंत्रणेने एवढंच करायचं आहे की तुम्हाला दस्त नोंदवायला सांगायचं, मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं आणि मग सातबाऱ्यावर घ्यायचं.
तारीख पण बघून ठेवा, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले व्यवहार. आणि सगळीकडचे नाहीत, महापालिका, नगरपालिका, प्राधिकरणाची हद्द, रहिवासी झोन, गावठाणालगतचं क्षेत्र असे. तुम्ही पीएमआरडीएत (पुणे महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत) असाल तर हद्दीचा प्रश्न सुटेल बहुतेक.
मूळ मालक हयात आहेत का? सगळं तिथेच येऊन थांबतं.

दीडगुंठावाला:
नाही ना. २०१९ ला गेले. आता सातबाऱ्यावर दोन मुलगे, तीन मुली आणि त्यांची बायको अशी सहा नावं लागलीत. धाकटा मुलगा म्हणतो करून देऊ, थोरला म्हणतो आजच्या भावाने फरक द्या.

निवृत्त_कारकून:
मग कुलमुखत्यारपत्र विसरा, देणारा गेला की ते सहसा संपतं. सहाही जणांच्या सह्या लागणार. मुलींच्या पण.

एनए_प्लॉटवाली:
थोडं कडू बोलते, दीडगुंठावाले तुम्ही मनावर घेऊ नका, रोख तुमच्यावर नाहीये. आम्ही २०१८ ला कर्ज काढून एनए (बिगरशेती परवानगीचा) प्लॉट घेतला. ले-आउट मंजूर, ९ मीटरचा रस्ता सोडलेला, मोकळी जागा सोडलेली, आणि या सगळ्याचे पैसे प्लॉटधारकांकडूनच वसूल केलेले. त्याच गावात अर्ध्या भावात गुंठे विकले जात होते आणि नवरा म्हणत होता की वेडी आहेस का, सगळे घेतायत. मी म्हटलं नको, कायद्यात बसत नाही. आता अध्यादेशाने त्यांचं फुकटात नियमित! नियमित करायचा दंड आधी २५ टक्के होता बाजारमूल्याच्या, २०१७ च्या दुरुस्तीत. मग ऑक्टोबर २०२४ ला ५ टक्के केले. मग आता शून्य. म्हणजे जो जितका उशीर करेल त्याला तितकं स्वस्त, आणि जो लगेच जाऊन २५ टक्के भरून आला तो सगळ्यात मोठा मूर्ख. असे लोक आहेत, आमच्या ओळखीत एक आहेत, बिचारे पेपर वाचायचे सोडलेत.
आणि रस्ता? नाव लागलं म्हणून गल्लीत अग्निशमनची गाडी शिरणार आहे का? दोन बाइक समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं तिथे.

भूम_परांडा:
ताई तुमचं म्हणणं शहराच्या कडेला बरोबर आहे, पण हा कायदा मुळात आमच्यासाठी केला होता हे सगळे विसरलेत. १९४७ चा आहे, मुंबई प्रांताचा. शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की औत फिरवायला जागा राहणार नाही, हा हेतू. हेतू वाईट नाही. पण माणसं वाढायची थांबली का? आम्ही चौघं भाऊ, वडिलांची जमीन तीन एकर जिरायत, त्यात पण दोन गट. वारसाने चौघांची नावं लागली, ती लागतात, सामाईक लागतात, पण वाटप करून स्वतंत्र हिस्से पाडायचे म्हटलं की प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कायद्याने ठरवलेलं कमीत कमी क्षेत्र, आडवं येतं. ऑगस्ट २०२३ पासून जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे झालं म्हणून जरा श्वास घेतला, मोठ्या गटाचं वाटप झालं. धाकट्या गटात ३२ गुंठे आहेत, ते चौघांत कसे वाटायचे तुम्हीच सांगा. शेवटी तोंडी वाटून घेतलंय, बांधावर दगड लावलेत. पीक कर्ज काढताना, अनुदान घेताना चौघांची संमती, आणि एक भाऊ सुरतेला.
मार्च २०२४ ला विहीर, शेतरस्ता आणि घरकुलापुरती कलेक्टरच्या परवानगीने सवलत दिली ते चांगलं झालं, विहिरीला जागा घेताना आधी खोटंनाटं करावं लागायचं. पण आताचा अध्यादेश बघा, त्यात आमचं ३२ गुंठ्यांचं शेत कुठेच नाही. गावठाणाच्या कडेला ज्यांनी शेत मोडून प्लॉट पाडले ते सुटले. जे अजून शेतीच करतायत ते तिथेच.

नागपूर_अधिवेशन:
हे शेवटचं वाक्य कोणीतरी सभागृहात बोलायला पाहिजे होतं.
माझा आक्षेप पद्धतीवर आहे. जुलै २०२५ च्या अधिवेशनात महसूलमंत्री बावनकुळेंनी घोषणा केली, ठीक. मग विधेयक आणा, चर्चा होऊ द्या, आमदारांना आपापल्या भागातले प्रश्न मांडू द्या. ते न करता नोव्हेंबरात अध्यादेश, तोही नगरपालिकांच्या निवडणुका तोंडावर असताना. अध्यादेश बेकायदा नाहीये, राज्यघटनेचं कलम २१३ आहे, पण तो घाईच्या कामासाठी असतो. १९६५ पासूनच्या व्यवहारांना कसली घाई हो? साठ वर्षं थांबले होते लोक, डिसेंबरच्या अधिवेशनापर्यंत अजून एक महिना थांबले असते. आणि नंतर विधेयक येतं तेव्हा चर्चेला अर्थ राहत नाही कारण अंमलबजावणी आधीच सुरू झालेली असते, विरोध करणारा आमदार गरिबांच्या घरावर उठला असं दिसतं.
मागचं पण आठवा. २००१ ला गुंठेवारीचा (विनापरवाना पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट नियमित करायचा) कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटसाठी. मग तीच तारीख पुढे नेली ३१ डिसेंबर २०२० पर्यंत. आता ही १५ ऑक्टोबर २०२४. प्लॉटिंगवाल्याने यातून काय शिकायचं? तो गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, घ्या साहेब, पुढच्या वेळी होऊन जाईल. २०२१ च्या जुलैमध्ये नोंदणी खात्याने परिपत्रक काढून गुंठ्यांची रजिस्ट्री अडवली होती, ते पण औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ ला रद्द केलं. म्हणजे परिपत्रकाने बंद, कोर्टाने चालू, अध्यादेशाने माफ, आणि ज्याने पहिल्यांदा शेताला चुना मारून रांगोळीसारखे प्लॉट आखले तो या सगळ्यात कुठेच नाही.

एनए_प्लॉटवाली:
तो नवीन गाडी घेऊन पुढच्या गावात गेलाय.

दीडगुंठावाला:
सगळ्यांचे आभार. एनए ताई, राग नाही आला, उलट वडील पण असंच म्हणायचे की पैसे असते तर कोणी दीड गुंठा घेतला असता. काल थोरल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला तुमचा दंड सरकारने माफ केला ना, मग तेवढे आम्हाला द्या. मला हसावं का रडावं कळेना. आधी २५ टक्के होते, मग ५, त्याचा हिशोब त्याला तोंडपाठ होता. मी विचारलं कोणते धरायचे, तर म्हणे पंचवीसच.
एक शेवटचं विचारतो. मूळ मालकाच्या तिघी मुली सह्या द्यायला तयार आहेत, त्यातली एक विरारला असते, तिला चाकणला यायला जमणार नाही. तिने विरारलाच मुखत्यारपत्र करून दिलं तर चालेल का?

निवृत्त_कारकून:
चालेल, पण ते रजिस्टर करून घ्या, नोटरी नको. तुमच्या घरात एक नोटरी पुरे झाली. आणि मुद्रांक शुल्क आजच्या रेडी रेकनरने (सरकारी दराने) लागेल, २०१४ च्या नाही, ते पैसे आधीच बाजूला काढा. थोरल्याशी किमतीचं बोलणं करताना धाकट्याला शेजारी बसवा, एकटे जाऊ नका. वडिलांनी पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी असतील तर शोधून ठेवा, रोख दिले असतील तर ताबा पावती, घरपट्टीच्या पावत्या, पहिलं लाइट बिल, सगळं. ऐकलाच नाही तो तर वकिलाला दाखवावं लागेल, आणि साठेखतावर दावा लावायला मुदत असते, तुमची कधीपासून मोजायची हे कागद बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. त्यामुळे पेढे नंतर, आधी कागद.