मदत हवी आहे: बल्गेरियात वर्षभर राहून ऑनलाइन काम, गाव कोणतं?

पिंपळपार
लवकर उत्तर हवंय. बल्गेरियात वर्षभर राहून लॅपटॉपवर काम करायचंय. मोठं शहर नको. बान्स्को आणि वेलिको तर्नोवो ही दोन नावं डोक्यात आहेत. बान्स्कोच्या घरमालकाने शनिवारपर्यंत दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलंय, नाहीतर घर दुसऱ्याला देतो म्हणतो. भाडं, वीज, इंटरनेट मिळून ४०० युरोत बसायला हवं. पैसे पाठवू का? फक्त गावाबद्दल सांगा, व्हिसाचं वाचून झालंय.

घाटमाथा
एकटे जाताय की कुटुंब आहे? नोकरी की स्वतःचं काम? पगार कुठल्या देशातली कंपनी देते? हे कळल्याशिवाय गाव सांगून उपयोग नाही.

रानजाई
मी बान्स्कोला राहून आलेय. उन्हाळ्यात पिरिन डोंगर समोर, बसून काम करायला कोवर्किंगच्या जागा आणि बोलायला जगभरची माणसं. पण तिथली बरीच घरं स्कीइंगला येणाऱ्यांसाठी बांधलेली छोटी स्टुडिओ आहेत. डिसेंबरपासून भाडी चढतात. तेव्हाही हेच भाडं राहील असं करारात लिहून घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा आहे का विचारा. हीटिंग विजेवर असेल तर मागच्या जानेवारीचं बिल मागा. बिल दाखवायला नाही म्हणाला तर घर सोडून द्या.

कडेपठार
बान्स्कोत परदेशी माणसांतच राहणं होतं. तर्नोवो घ्या. जुनी राजधानी, यांत्रा नदीच्या वळणांवर वसलेलं, त्सारेवेत्सचा किल्ला गावातच. विद्यापीठ आहे म्हणून बाराही महिने दुकानं, बस, दवाखाने चालू. चढउतार मात्र भरपूर. आणि काम पुण्याच्या कंपनीचं असेल तर सकाळी साडेनऊची मीटिंग हिवाळ्यात तिथे पहाटे सहाला येते, तो विचार करा.

रानजाई
कडेपठार, नवख्या माणसाला सिरिलिक वाचता येत नसताना पहिले महिने ओळखीची माणसं लागतात. मला बान्स्कोत घर भाड्याने घेताना अशाच एका शेजारणीने मदत केली.

कडेपठार
अक्षरं आठवड्यात येतात. शेजारी तर्नोवोतही आहेत, आजूबाजूच्या खेड्यांत कितीतरी ब्रिटिश कुटुंबं घरं घेऊन राहिलीत.

लेकीची_आई
माझी मुलगी प्लेव्हेनला एमबीबीएस करतेय. हिंग, गोडा मसाला, कुकर घेऊन जा. दही तिथलं फारच छान, विरजणाची काळजी नको. शाकाहारी असाल तर बॉब चोर्बा म्हणजे घेवड्याचं सूप आणि शोप्स्का सॅलड कुठेही मिळेल. आणि तिथली माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात, घरमालकाशी बोलताना लक्षात ठेवा.

बोरीचा_मळा
भाडं कशाला भरता? फ्लॅट विकत घ्या, स्वस्त आहेत.

घाटमाथा
त्यांनी विकत घ्यायचं विचारलेलंच नाही. आणि युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला फ्लॅट घेता येतो, पण जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. धागाकर्ते, पगार कोण देतं?

पिंपळपार
अहो, मी भारतात नाहीच. स्टुटगार्टला आहे, ब्लू कार्ड (युरोपीय संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) आहे, कंपनी जर्मन. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत आहे. मग व्हिसाचा प्रश्न कुठे येतो?

घाटमाथा
इथेच येतो. जर्मन परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, वर्ष नाही. आणि ते राहणं झालं, तिथे बसून काम करण्याची मुभा हा वेगळा मुद्दा. बल्गेरियाने रिमोट कामासाठी नवा परवाना आणलाय, त्यात मागच्या वर्षाचं उत्पन्न किमान ५० मासिक किमान वेतनांइतकं लागतं. पण पगार देणारी कंपनी युरोपीय संघाबाहेरची हवी. तुमची जर्मन, म्हणजे त्या दाराने जाता येत नाही. पुण्याच्या कंपनीत असता तर गोष्ट वेगळी होती.

शिवाय तिथे १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की करासाठी तिथले रहिवासी. दर सरसकट १० टक्के, ऐकायला छान, पण तुमच्या कंपनीला तिथल्या सामाजिक विम्याची भानगड मागे लागू शकते. आणि जर्मनीबाहेर सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर ब्लू कार्ड रद्द होतं. कायमचे निघालात असं दिसलं तर त्याआधीही. पैसे पाठवू नका.

पिंपळपार
कंपनीला अजून विचारलेलं नाही. मला वाटलं होतं मॅनेजर हो म्हणाला की झालं.

रानजाई
मॅनेजरचं नको, एचआरकडून लेखी घ्या. ए-वन प्रमाणपत्र मिळेल का ते विचारा, म्हणजे थोड्या काळासाठी जर्मन सामाजिक विमाच चालू राहतो. पण एवढी घाई का? आणि डोंगरातलंच गाव का?

पिंपळपार
बायकोला दमा आहे. मागचा हिवाळा फार त्रासात गेला. डॉक्टर म्हणाले हवा बदलून बघा. स्टुटगार्टचं भाडं भरून जर्मनीतल्या डोंगरात दुसरं घर परवडत नाही.

रानजाई
दादा, मग बान्स्को हिवाळ्यात अजिबात नको. थंडीत जुन्या वस्तीत लाकडं जाळतात, संध्याकाळी धूर गल्लीत साचून राहतो. मलाच खोकला झाला होता. सांदान्स्की बघा. ग्रीसच्या सीमेजवळ, स्त्रुमाच्या खोऱ्यात, देशातल्या सगळ्यात उबदार गावांपैकी एक. गरम पाण्याचे झरे आहेत आणि दम्याचे रुग्ण हवेसाठी तिथे मुद्दाम जातात. सोफियाहून रेल्वे आहे.

कडेपठार
सांदान्स्कीत कामाच्या जागा फारशा नाहीत. पण दम्यासाठी असेल तर माझाही आग्रह नाही. घर बघताना खाली कोणाची लाकडाची शेगडी आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. फोटोत दिसत नाही. जुन्या जाहिरातीत भाडं लेव्हात, म्हणजे तिथल्या जुन्या चलनात असेल तर युरोसाठी १.९५५८३ ने भागा. २०२६ पासून तिथे युरोच आहे.

पिंपळपार
बान्स्कोच्या घरमालकाला 'घर नको' असं कळवलं. सोमवारी एचआरशी बोलतो. ते हो म्हणाले तर नोव्हेंबरपासून सहा आठवडे सांदान्स्की, दोघंच. तिथे फुप्फुसाचे इंग्रजी बोलणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? की त्यासाठी सोफियाच गाठावं लागेल?

लेकीची_आई
लेकीला विचारून उद्या लिहिते. इनहेलर आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं हवं.