टॉकीज कुणी मारल्या?

बाल्कनी: "गावोगावच्या टॉकीज मालकांच्या आळसानं मेल्या, त्यांचा इतिहास कसला जपता?" ही कालची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. २००१ मध्ये राज्यानं नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. एकपडदावाला मात्र प्रत्येक तिकिटावर कर भरत राहिला. तो खुर्च्या बदलणार कशाच्या जोरावर? आमच्या गावात लोकांनी बोलपट पहिल्यांदा पाहिला तो त्याच पडद्यावर. याला इतिहास नाही तर काय म्हणायचं?

मधली रांग: ती पोस्ट माझी आणि मी त्यावर ठाम आहे. कर तिकिटात धरलेला असायचा, तो प्रेक्षकाच्या खिशातून जायचा. २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के आणि त्यावरच्याला २८. २०१९ ला ते १२ आणि १८ झालं. म्हणजे स्वस्त तिकिटाला सवलत होतीच. तरी काय सुधारलं? आमच्याकडच्या टॉकीजमध्ये बायकांच्या संडासाला कडी नव्हती. बहीण आत गेली की मी बाहेर दार धरून उभा. एके दिवशी ती म्हणाली, "आता नको." त्यानंतर आमच्या घरातलं कुणीच तिथं गेलं नाही.

ऑपरेटरची मुलगी: मालक आणि सरकार, यापलीकडे तुम्हाला कुणी दिसतच नाही का? माझे वडील केबिनमध्ये असायचे. दोन मशिनी, म्हणजे प्रोजेक्टर. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरी मशीन चालू, पुढच्या ठिपक्याला चित्र तिच्यावर. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणाऱ्या ज्योतीचा, अंगावर तिची धग आणि धूर. डिजिटल आलं आणि त्यांना घरी बसवलं. पीएफ नाही, काही नाही.

बाल्कनी: ताई, वाईट वाटलं. पण त्या कार्बनच्या उजेडाची ऊब डिजिटलला नाही, हे तर खरं?

मधली रांग: ऊब कसली! निम्मा पिक्चर पिवळा दिसायचा. नायिकेला कावीळ झाल्यासारखी.

ऑपरेटरची मुलगी: कार्बन नीट जळला तर उजेड पांढराशुभ्र पडतो. कांड्या झिजतात तसं त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत राहावं लागतं. आमचे मालक नवी कांडी मोजून द्यायचे, उरलेले थोटके जोडून वापरायला लावायचे. ज्योत हलायची, पडदा पिवळा पडायचा, खालून शिट्ट्या. शिव्या वडिलांना.

मधली रांग: म्हणजे मालकच की! दोन दिवस मी दुसरं काय सांगतोय?

बाल्कनी: बरं, मालकांचा कंजूषपणा मान्य. पण इमारतीनं काय पाप केलं? ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा माणसं रस्त्यात उभी राहून रडली. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू म्हणून लगेच पुन्हा उभारायची ठरली. टॉकीज पडते तेव्हा कोण येतं?

मधली रांग: ते नाटकाचं आणि महापालिकेचं. खासगी मालकाची भिंत माझ्या करातून का उभी करायची? केबिन, मशिनी, जुनी पोस्टरं जपायला मात्र माझी ना नाही. एवढंच.

ऑपरेटरची मुलगी: मशिनी जपणार कुठून? आमच्या दोन्ही भंगारवाल्यानं किलोवर नेल्या. टेम्पोत चढवताना वडिलांनी लेन्स तेवढी मागून घेतली. दिवाळीला अजून स्वतः पुसतात, आम्हाला हात लावू देत नाहीत.