मदत हवी आहे: ७२ च्या दुष्काळात पोटात असलेल्या बाळांबद्दल

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ जून १९७३ चा. तो पोटात होता तेव्हा आई सांगोल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खायला मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (कामावर वाटायचे तो कोरडा पौष्टिक खाऊ). दादा अंगाने काटकुळा, गोड फारसं खात नाही, तरी चाळिशीतच शुगर निघाली.

परवा युक्रेनच्या १९३२-३३ च्या उपासमारीवरचं संशोधन वाचलं, २०२४ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आलेलं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईची तीव्र उपासमार झाली, त्या मुलांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका दुपटीहून जास्त! आपल्याकडे तितकी भीषण उपासमार नव्हती, मान्य. पण आई सांगते, पहिले तीन महिने ती अर्धपोटीच होती. पुण्यात डॉ. याज्ञिकांनीही आईचं पोषण आणि मुलांचा मधुमेह यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

सोलापूर जिल्ह्यातल्या १९७२-७३ च्या बाळांचा असा अभ्यास कुणी केलाय का? त्या काळातल्या सुईणींच्या किंवा दवाखान्यांच्या जन्मनोंदी कुठे बघायला मिळतील? आणि तुमच्या घरात १९७३ ला जन्मलेलं कुणी असेल तर त्यांची तब्येत कशी आहे, तेही कळवा. आई आता ७६ वर्षांची आहे. तिला सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवायचंय.