मदत हवी आहे: पावसाळ्यात बाल्कनीतले खत कसे सांभाळावे?

नमस्कार. आम्ही नेरूळला चौथ्या मजल्यावर राहतो, घरात चार माणसे आहेत. क्षेपणभूमीवरच्या ढिगात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो हे कळल्यापासून भाजीची देठेही तिकडे पाठवणे मनाला पटेना, म्हणून जानेवारीपासून आम्ही बाल्कनीतच खत करतो. कापडी पिशव्या तर २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासूनच अंगवळणी पडल्या आहेत.

मे अखेरपर्यंत भोके पाडलेल्या दोन मातीच्या कुंड्यांत सुकी पाने, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडे आंबट ताक एवढ्यावर काळेभोर, भुसभुशीत खत तयार होत होते, आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येत असे. पाऊस लागल्यापासून मात्र मिश्रण चिकट झाले आहे. मुठीत दाबले तर बोटांमधून पाणी गळते, आंबूस वास येतो आणि झाकण उघडताच चिलटे उठतात. शेजारच्या काकूंनी अगदी समजुतीने सांगितले, पण त्यांना होणारा त्रास खराच आहे.

ओलाव्याच्या मानाने सुका भाग कमी पडतो आहे, हे माझ्या लक्षात आले आहे. परंतु या दिवसांत बागेतली पानेही भिजलेलीच मिळतात. अशा वेळी आपण वर्तमानपत्राचे तुकडे वापरता की वखारीतला लाकडाचा भुसा? रंग किंवा रसायन न लागलेला भुसा नवी मुंबईत कोठे मिळेल? शिजवलेले उरलेले अन्न पावसाळाभर खतात घालूच नये का?