विषय: पाहुण्याला पुण्यातला चौक दाखवायचाय

मंडळी,
पुढच्या महिन्यात पुण्याला जातेय. ऑफिसमधला एक जपानी सहकारीही येतोय. रोज तोक्योतल्या शिबुयाच्या तुडुंब चौकातून ये-जा करणारा माणूस, आणि म्हणतो काय, तुमच्या गावातला सगळ्यात गजबजलेला चौक दाखव! कुठे नेऊ? आई म्हणते, चौक काय दाखवतेस, शनिवारवाडा दाखव.
— मेधा, तोक्यो

मेधा,
अलका टॉकीज. कागदोपत्री टिळक चौक, पण रिक्षावाल्याला 'अलका'च सांग. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर, शास्त्री एवढे रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि शिवाय लकडी पूल. (पूल आता लाकडी नाही हे आधीच सांगून ठेव. आमचे पाहुणे वाकून वाकून लाकूड शोधत होते.) विसर्जनाला मात्र नेऊ नकोस. मानाच्या पाच गणपतींसकट सगळ्या मुख्य मिरवणुका तिथेच येतात, संपेस्तोवर दुसरा दिवस उजाडतो. चौक दिसतच नाही, नुसती डोकी. साध्या दिवशी संध्याकाळी सहाला मेट्रोने डेक्कनला उतरा आणि पुलावरून चालत या.
— सुहासकाका

काका, शिबुयाला सगळीकडच्या गाड्या एकदम थांबतात, माणसं तिरकीसुद्धा जातात. अलकाला एक बाजू थांबेपर्यंत दुसरी सुटलेली असते. सिग्नलचे शेवटचे पाच आकडे राहिले की मागून हॉर्न सुरू. मेधाताई, त्याचा हात धर म्हणजे झालं.
— किरण

जाऊन आलो! बुवा फुटपाथवर पाऊण तास उभे. माणसाचा हिरवा दिवा लागला की पाऊल उचलायचा, डावीकडून स्कूटर आली की मागे घ्यायचा. असं चार वेळा. शेवटी शेजारच्या आजींना राहवेना. एका हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी, दुसऱ्या हाताने त्याची बाही धरली. "चल रे बाळा, असं बघत बसलास तर रात्र होईल." मग पिशवीचा हात सरळ बससमोर केला. बस थांबली, मागच्या रिक्षा थांबल्या, मीही पळत मागे.

पलीकडे पोचल्यावर त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. आजी "असू दे, असू दे" म्हणाल्या, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "जावई का गं?"
— मेधा

मग काय सांगितलंस?
— सुहासकाका