‘द शील्ड’: शेवटून दुसरा भाग आणि व्हिक मॅकीचा कबुलीजबाब

निशाचर

स्पॉयलर: या धाग्यात मालिकेचा शेवट उघडपणे आला आहे. ज्यांनी सातवा सीझन पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये.

लॉस एंजलिसमधल्या एका भ्रष्ट पोलीस पथकाची ‘द शील्ड’ ही अमेरिकी मालिका दुसऱ्यांदा पाहत असताना ‘पॉसिबल किल स्क्रीन’ या शेवटून दुसऱ्या भागापाशी मी थबकलो आहे आणि अखेरचा भाग लावण्याआधी येथील जाणकारांशी बोलावे असे वाटले. १८ नोव्हेंबर २००८ रोजी प्रथम प्रक्षेपित झालेल्या या भागातील धावपळ मला फारशी लक्षात राहिलेली नव्हती. लक्षात राहिला होता तो एका खोलीतला प्रसंग. त्या पथकाचा प्रमुख व्हिक मॅकी ‘आइस’ या अमेरिकी संघराज्याच्या इमिग्रेशन यंत्रणेशी झालेल्या माफीच्या करारावर सही करतो, समोर ऑलिव्हिया मरे ही अधिकारी बसलेली असते, मध्ये ध्वनिमुद्रक ठेवलेला असतो, आणि करारातील अटीनुसार आजवर केलेले सगळे गुन्हे त्याने आता स्वतःच्या तोंडाने सांगायचे असतात. या यंत्रात जागा किती आहे, अशा अर्थाचा एक प्रश्न तो विचारतो. मग बराच वेळ तो काहीच बोलत नाही, आणि अखेर बोलतो तेव्हा पहिलेच वाक्य त्याने केलेल्या सहकारी पोलीस टेरी क्राउलीच्या खुनाचे असते.

माझी अडचण अशी आहे की हा खून आपण २००२ साली पहिल्याच भागात डोळ्यांनी पाहिलेला आहे. आर्मेनियन टोळीचे पैसे लुटल्याचे आपल्याला ठाऊक आहे, खोटे पुरावे, मारहाण, हप्ते हे सगळे ठाऊक आहे. या जबाबातून प्रेक्षकाला एकही नवी गोष्ट कळत नाही, आणि तरीही सात सीझनमध्ये इतका ताण मला दुसऱ्या कोणत्याही प्रसंगात जाणवला नाही. हे नेमके कशामुळे होते? आणि दुसरा प्रश्न, ज्यावर बहुधा मतभेद होतील: स्वतःची माफी मिळवताना पथकातला साथीदार रॉनी याला वाऱ्यावर सोडण्यावाचून व्हिकपुढे खरोखर दुसरा मार्ग नव्हता का?

कागदोपत्री

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या कराराच्या रचनेत दिसते. पोलिसी मालिकांमधला चौकशीचा प्रसंग आपण शेकडो वेळा पाहिलेला असतो: विचारणाऱ्याला बोलते करायचे असते, आरोपीला गप्प राहायचे असते, आणि त्या ओढाताणीतून ताण निर्माण होतो. येथे ती ओढाताण बरोबर उलटी झाली आहे. माफी फक्त त्याच गुन्ह्यांना मिळणार आहे जे व्हिक स्वतःहून उघड करेल. जे त्याने दडवले त्यावर उद्या खटला उभा राहू शकतो. म्हणजे तो जितका अधिक बोलेल तितका अधिक सुरक्षित होत जातो, आणि ज्या बाईने त्याच्यासाठी वरिष्ठांकडे स्वतःची पत पणाला लावली, ती मात्र प्रत्येक वाक्यागणिक अधिक गोत्यात येते. सही होऊन गेली आहे आणि आता शाई पुसता येत नाही. मरेला काहीही करून त्याला थांबवावेसे वाटत असणार आणि तिच्या हातात तसे करण्याचा एकही अधिकार उरलेला नाही.

त्यामुळे माहिती नवी नसली तरी तिचे मोल त्या खोलीत बदलते. काल जे वाक्य बोलल्याने तो जन्मभरासाठी तुरुंगात गेला असता, तेच वाक्य आज बोलल्याने तो सुटतो. असा कबुलीजबाब मी अन्यत्र पाहिलेला नाही.

तिसरी घंटा

कराराचे विवेचन पटले, पण केवळ रचनेने तो प्रसंग उभा राहत नाही. तो व्हिक साकारणाऱ्या मायकेल चिकलिसच्या मौनाने उभा राहतो, असे मला वाटते. ही मालिका सोळा मिलिमीटर फिल्मवर, बहुतांशी कॅमेरा हातात धरून चित्रित केली जात असे. तिची सगळी शैलीच अस्थिर आहे: चित्र हलत राहते, झूम एकदम झेपावतो, कोणाच्या तरी खांद्यामागून आपण डोकावत असतो. अशा मालिकेत एखादा माणूस खुर्चीवर बसून नुसता गप्प राहतो तेव्हा ती शांतता इतर मालिकांतल्या शांततेपेक्षा फार जड वाटते. त्या अवधीत त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप मुळीच नाही. आरंभी संकोच दिसतो, मग कुठून सुरुवात करावी याचा हिशेब चाललेला दिसतो, आणि शेवटी जे दिसते ते जवळजवळ सुटकेच्या श्वासासारखे आहे. पुन्हा पाहाल तेव्हा त्याचा जबडा पाहा. शब्द फुटण्याआधी तो एकदा घट्ट आवळला जातो आणि मग सैल पडतो.

मरे साकारणाऱ्या लॉरी होल्डनचे कौतुक मात्र फारसे कोणी करत नाही आणि ते मला खटकते. आपल्या वतीने धक्का बसण्याचे काम तिला करायचे होते. सात सीझन व्हिकबरोबर राहून आपली कातडी निबर झाली आहे; टेरीचा खून आपण मालिकेची गरज म्हणून कधीच पचवून टाकला होता. मरे ते पहिल्यांदा ऐकते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहताना आपल्याला कळते की आपण इतकी वर्षे कोणाची बाजू घेत होतो. तू माझे काय करून ठेवले आहेस याची काही कल्पना आहे का, असे ती विचारते तेव्हा याहून वाईट केले आहे, एवढेच उत्तर त्याच्याकडे असते. उद्दामपणाने तो हे म्हणत नाही, वस्तुस्थिती सांगावी तसे म्हणतो, म्हणून ते अधिक भीतिदायक वाटते.

आडवाट

सर्वांच्या मताविरुद्ध लिहीत आहे याची कल्पना आहे. कबुलीजबाब हा या भागातील सर्वांत गाजलेला प्रसंग असेल, पण सर्वांत ताणाचा नाही. तो ताण मोकळा होण्याचा क्षण आहे. खरा ताण त्याआधी आहे आणि त्याचे केंद्र व्हिकची पूर्वीची बायको कोरीन आहे.

कोरीन या वेळेपर्यंत व्हिकच्या मागावर असलेल्या क्लॉडेट आणि डच या त्याच्याच ठाण्यातल्या पोलिसांच्या बाजूला गेलेली आहे, आणि तिच्यावरचा संशय टळावा म्हणून तिच्या अटकेचे नाटक रचले जाते, हे आपल्याला माहीत आहे, व्हिकला नाही. तो समजतो की पथकातला फरार साथीदार शेन याला मदत केल्याच्या आरोपाखाली मुलांची आई तुरुंगात जाणार, आणि तिला वाचवण्यासाठी तो कराराची घाई करतो. म्हणजे क्लॉडेटने व्हिकला अडकवण्यासाठी टाकलेल्या जाळ्यानेच त्याला माफीच्या दारापर्यंत ढकलत नेले. संपूर्ण मालिकेत ज्या एका व्यक्तीने सचोटी सोडली नाही, तिच्या डावामुळे सर्वांत मोठा गुन्हेगार हातातून निसटतो. तो सहीपर्यंत पोहोचेपर्यंत मी सतत मनात म्हणत होतो की कोणीतरी आइसच्या कार्यालयात एक फोन करा. तो फोन वेळेत होत नाही.

रॉनीबद्दल माझे मत सौम्य नाही. मरेने दोघांना माफी देण्यास नकार दिला, इथपर्यंत व्हिकचा नाइलाज मान्य करता येईल. पण नकार मिळाल्यावर रॉनीला खरे सांगणे त्याच्या हातात होते. रॉनी पळून जायचे म्हणत होता. त्याला दिवसभराची मुदत दिली असती तरी तो सीमेपलीकडे गेला असता. व्हिकने त्याला आश्वस्त करून थांबवून ठेवले, कारण अमली पदार्थांच्या टोळीतल्या बेल्ट्रानला पकडून देण्याच्या कामात त्याला जोडीदार हवा होता. हा नाइलाज नव्हे, हा उपयोग करून घेणे आहे.

निशाचर

आडवाट, तुमचा कोरीनबद्दलचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो मला विरुद्ध दिशेने नेतो. व्हिकला कोरीनविषयी खरी माहिती असती तर त्याने सही केली नसती, असे आपण गृहीत धरत आहात. मला ते पटत नाही. शेन फरार आहे, तो पकडला गेला तर सगळे बोलणार हे उघड आहे, आणि व्हिकभोवतीचा फास आवळत आला आहे. कोरीन हे त्याला स्वतःला सांगता येण्याजोगे कारण होते. कुटुंबासाठी केले, हे वाक्य तो पहिल्या सीझनपासून वापरत आला आहे. लुटीच्या पैशालाही त्याने तेच लेबल लावले होते. येथे फरक इतकाच की या वेळी कुटुंबाला त्या बचावाची गरजच नव्हती, आणि त्यामुळे ते कारण किती पोकळ होते हे प्रथमच उघडे पडले.

कागदोपत्री यांना एक प्रश्न: असा करार प्रत्यक्षात टिकला असता का? खून कॅलिफोर्नियातला, माफी देणारी यंत्रणा संघराज्याची. मला हे पहिल्यांदा पाहतानाही खटकले होते.

कागदोपत्री

मालिकेने येथे बरीच सूट घेतली आहे. आइस ही तपास यंत्रणा आहे. माफी देण्याचा अधिकार तपास अधिकाऱ्यांचा नसतो, तो सरकारी वकिलांकडून यावा लागतो. शिवाय अमेरिकेत संघराज्य आणि राज्य ही खटला भरण्यापुरती दोन स्वतंत्र सार्वभौम सत्ताकेंद्रे मानली जातात, आणि केवळ संघराज्याच्या वकिलांशी झालेला करार राज्याच्या वकिलांवर आपोआप बंधनकारक होत नाही. टेरीचा खून हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालचा गुन्हा आहे आणि तेथे खुनाच्या खटल्याला मुदतीचे बंधन नाही. लॉस एंजलिसचा डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे राज्याच्या बाजूने खटले चालवणारा सरकारी वकील, करारात सहभागी नसेल तर प्रत्यक्षातल्या व्हिकच्या वकिलाने त्याला तोंड उघडू दिले नसते.

माफीचेही दोन प्रकार असतात. एकात त्या गुन्ह्यासाठी खटलाच भरला जात नाही. दुसऱ्यात खटला भरता येतो, पण आरोपीचा जबाब आणि त्या जबाबाच्या धाग्याने हाती लागलेला पुरावा त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. सक्तीने साक्ष घ्यायची असेल तर दुसरा प्रकार पुरेसा आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या कास्टिगार खटल्यात ठरवले. व्हिकला पहिला, म्हणजे फार उदार प्रकार मिळालेला दाखवला आहे. समोरचा माणूस नेमके काय सांगणार आहे याचा अंदाजही न घेता इतकी उदार माफी कोणी देत नाही. आधी वकिलामार्फत चाचपणी होते. मरेने ती केली असती तर हा प्रसंगच घडला नसता, म्हणून लेखकांची ही सूट मी आनंदाने पत्करतो.

मात्र मूळ कल्पना हवेतून आलेली नाही. मालिकेचे सुरुवातीचे नाव ‘रॅम्पार्ट’ असे होते, आणि ते लॉस एंजलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागातील प्रकरणावरून घेतलेले होते. त्या विभागातील टोळीविरोधी पथकातला रफाएल पेरेझ हा पोलीस पुराव्याच्या कोठारातून कोकेन चोरल्याबद्दल १९९८ मध्ये पकडला गेला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि १९९९ मध्ये त्याने कमी शिक्षेच्या बदल्यात बोलण्याचे कबूल केले. मग त्याने जे सांगितले त्यात एका निःशस्त्र तरुणावर गोळ्या झाडून त्याच्याजवळ बंदूक ठेवल्याची आणि खोट्या साक्षीने त्याला तुरुंगात धाडल्याची हकिगतही होती. सुमारे ७० पोलिसांवर ठपका आला, शंभराहून अधिक शिक्षा रद्द झाल्या, आणि स्वतः पेरेझला झाली पाच वर्षांची शिक्षा. जो अधिक जाणतो आणि आधी बोलतो तो कमी भोगतो, हा त्या व्यवहाराचा नियम होता.

पण पेरेझच्या बोलण्याने निदान निरपराध माणसे तुरुंगाबाहेर आली. व्हिकच्या बोलण्याने कोण सुटले? त्याच्या कबुलीतून बाहेर पडलेला एकमेव माणूस तो स्वतः आहे.

तिसरी घंटा

रॉनीच्या प्रश्नावर पथकातला चौथा साथीदार लेम याला विसरून चालणार नाही. लेमवर पोलिसांच्या अंतर्गत तपास विभागाच्या कॅव्हानॉने किती दडपण आणले ते आठवा. त्याला तुरुंग समोर दिसत होता आणि मित्रांची नावे दिली असती तर सुटकेचा मार्गही होता. त्याने ती दिली नाहीत. तो बोलेल या नुसत्या भीतीने शेनने पाचव्या सीझनच्या शेवटी हातबाँब टाकून त्याला मारले. पुढचे दोन सीझन व्हिकचा सगळा संताप त्या एका कृत्यावर उभा आहे: आपल्या माणसाला असे दगा देऊन संपवतो तो मित्र नव्हे. आणि मग तो स्वतः त्या खोलीत बसून जिवंत असलेल्या एकमेव साथीदाराला तोंडी जबाबाने संपवतो. शेनला निदान त्यानंतर झोप लागत नव्हती.

रॉनी निर्दोष होता असे मी म्हणत नाही. लुटीत तो होता, पुढच्या अनेक गोष्टींत होता. पण टेरीच्या खुनात त्याचा हात नव्हता आणि सगळ्यांत कमी बोलणारा, सांगितलेले काम करणारा असा तोच होता. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचा चेहरा भाजला गेला तोही व्हिकने ओढवून घेतलेल्या वैरामुळे. अखेरच्या भागात डच त्याला सगळ्यांसमोर बेड्या घालतो, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: आपण पकडले गेलो, आणि ज्याच्या शब्दावर थांबलो त्याने आपल्याला विकले. व्हिक तेथेच उभा असतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते.

निशाचर, तुम्ही अखेरचा भाग लावाल तेव्हा क्लॉडेट व्हिकला चौकशीच्या खोलीत बसवते तो प्रसंग या कबुलीजबाबाशेजारी ठेवून पाहा. ती शेनने मागे ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवते, छायाचित्रे पुढ्यात ठेवते आणि निघून जाते. कायद्याने तिला त्याच्याकडून आता काहीच मिळवायचे नाही, त्यानेही काही द्यायचे उरलेले नाही, आणि ज्याने आदल्या भागात न थांबता सगळे सांगितले तो येथे एक शब्द बोलू शकत नाही. चिकलिसला २००२ मध्ये पहिल्या सीझनसाठी एमी हे टीव्हीचे पारितोषिक मिळाले होते; ते या दोन भागांसाठी मिळायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.